भोंगा आणि शंख

रात्री नऊला, शटर अर्धं ओढलेलं,
लीड्सहून त्रिशलाचा फोन:
"अप्पा, तुम्ही तीस वर्षं लोकांची नाकं मोजताय,
एक सांगा.
माझ्या वॉर्डातला म्हातारा आपल्या नाकाला
सकाळी हूटर म्हणतो, संध्याकाळी काँक.
फरक काय हो दोन्हीत?"

हूटर मला लगेच कळला.
संकेश्वरात कुणाला कळणार नाही?
कारखान्याचा भोंगा झाला
की उसाच्या गाडीचे बैलसुद्धा कान हलवतात.
म्हणजे हूटर हे ते नाक,
जे शिंकलं की पाळी बदलते,
घोरलं की पलीकडची गल्ली उठून बसते.
आपण नाकाड म्हणतो त्याला,
माणूस चार पावलं पुढे गेल्यावर.

काँक मात्र अडला.
तिचीच दहावीची डिक्शनरी काढली,
क-च्या पानांना वाळवी लागलेली.
मग कानानंच तोलला शब्द, जसा चष्मा तोलतो
हातात, काडी न उघडता.
काँक. आत पोकळ, वर वळण, मागं वारा.
म्हटलं, हा शंख असणार पोरी.
भोंगा दुसऱ्यासाठी वाजतो,
शंख वाजवायला आधी आपला दम लागतो.
म्हाताऱ्याला सकाळी खोकला असतो का गं?
"असतो."
आणि संध्याकाळी?
"संध्याकाळी बायकोबद्दल बोलतो."
मग बरोबर आहे, म्हटलं.

खरं सांगू, मला इंग्रजी येत नाही.
मला नाकं येतात.
काल हुक्केरीचा एक गडी आला, नवा चष्मा हातात घेऊन:
"मूगिन म्याल निल्लंगिल्ल, सर."
नाकावर राहत नाही म्हणाला.
मी पॅड दाबले, कपाळाशी डोळा आणून बघितलं,
म्हटलं, ईग नोड.
मूगु म्हणजे नाक, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.
आमच्या घरी मूग फक्त गिळायचे असत.
दुकानाच्या पाटीवरून दोन्हीकडची पोरं आली तेव्हा
मी दोन्ही भाषांतले मूग गिळले
आणि पाटीवर नुसता चष्मा काढून घेतला,
मोठा, काळ्या काड्यांचा.
त्याच्या मधे नाक काढायचं
पेंटर कल्लाप्पा विसरला, की त्यानं मुद्दाम टाळलं,
मी विचारलं नाही.

नंतर बारा-तेरा दिवस तिचा फोन नाही.
आला तेव्हा आधी नाक ओढल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ काहीच नाही.
मी ओळखलं.
नाकसुद्धा बापाचंच घेतलंय तिनं, रडलं की चोंदतं.
"अप्पा, त्याचा चष्मा राहिलाय माझ्याकडे.
मुलगा न्यायला आलाच नाही.
काय करतात अशा चष्म्यांचं?"

माझ्याकडे खालचा खण भरलाय, मी सांगितलं.
दुरुस्तीला टाकलेले, न्यायला न आलेले.
नावाची चिठ्ठी असते,
काही मराठीत, काही कानडीत,
शाई दोन्हींची सारखीच उडते.
कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की एखादा काढून
पॅडवरचा हिरवा मळ पिनेनं खरडतो.
टाकवत नाही.

"तो चष्मा काढायचा ना अप्पा,
तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन खड्डे दिसायचे,
लालसर, तांदळाएवढे.
तो चोळायचा ते.
त्याला काय म्हणतात?"

तीस वर्षं ते दोन खड्डे बघतोय मी.
नंदगडच्या मास्तरांचे, गडहिंग्लजच्या शिंपिणीचे,
तुझ्या आईचे तर शेवटच्या दिवशीसुद्धा बुजले नव्हते.
नाकाडात नाही तो शब्द, मूगुत नाही,
हूटर नि काँकमध्येही नसणार.

विचार की तिथं कुणाला तरी, म्हटलं,
आणि मला कळव.
ती हो म्हणाली.
मी चष्मा काढला,
आणि बोटं आपोआप तिथंच गेली.